काळी वस्त्रे आणि बोरिवलीची पहाट : एका कुटुंबाच्या संक्रांतीच्या छायाचित्रांचे प्रकरण

दादरच्या हिंदू कॉलनीत राहणाऱ्या एका कुटुंबाने डिसेंबरच्या अखेरीस माझ्याकडे वेशभूषेचे काम सोपवले. घरात चार पिढ्या एकत्र नांदतात : ७८ वर्षांच्या आजी, त्यांचा मुलगा आणि सून, नातू आणि नातसून, १६ वर्षांची नात आणि १० महिन्यांचा पणतू. पणतवाची ही पहिली संक्रांत होती. नातसुनेची पहिली संक्रांत खरे तर गेल्या वर्षी होऊन गेली होती, परंतु तेव्हा तिला आठवा महिना होता आणि डॉक्टरांनी पडून राहायला सांगितले होते, त्यामुळे हलव्याचे दागिने घालायचे राहून गेले होते. ती हौस या वर्षी बाळाच्या कौतुकासोबत पुरी करावी, सगळ्यांनी काळी वस्त्रे नेसावीत आणि घराच्या भिंतींऐवजी झाडांमध्ये, पहाटेच्या कोवळ्या उजेडात छायाचित्रे काढावीत, अशी त्यांची इच्छा होती. जागा त्यांनी आधीच ठरवली होती : बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. छायाचित्रणाची परवानगी नातवाने काढली होती, आणि सोमवारी उद्यान बंद असते म्हणून संक्रांतीच्या आधीचा रविवार धरला होता.

पहिल्या भेटीत मी थंडीचा विषय काढला तेव्हा घरातल्या काकांनी, म्हणजे आजींच्या मुलाने, तो जवळजवळ झटकूनच टाकला. "अहो ताई, मुंबईत कसली आलीय थंडी? स्वेटर नेले तर परत येताना हातातच धरायचे." दादरच्या माणसाने असे म्हणणे स्वाभाविक आहे, कारण समुद्र रात्रभर उबदार राहतो आणि किनाऱ्यालगतचा भाग फारसा गार पडू देत नाही. मात्र कुलाब्याच्या वेधशाळेत जानेवारीचे सरासरी किमान तापमान साधारण १९ अंशांच्या आसपास असते, तर सांताक्रूझला ते सुमारे १७ पर्यंत उतरते; त्याच सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंशांची नोंद झालेली आहे. बोरिवलीचे जंगल समुद्रापासून आणखी आत, टेकड्यांच्या कुशीत आहे. पहाटे तिथे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा असतो, झाडांखाली दव असते आणि ऊन खाली उतरायला वेळ लागतो. मुंबईच्या हिवाळ्याची खरी अडचण मात्र थंडीइतकीच तिच्या अल्पायुष्यात आहे. सकाळी आठला अंगावर काटा येतो आणि दहाला कपाळावर घाम. महाबळेश्वरला किंवा मनालीला जाड कोट चढवला की दिवसभर प्रश्न मिटतो. इथे तो दोन तासांत उलटा होतो.

वाद घालण्यापेक्षा एक रंगीत तालीम करावी असे मी सुचवले, आणि नियोजित दिवसाच्या आठवडाभर आधी नातू, नातसून आणि नात माझ्याबरोबर सकाळी उद्यानात आली. कपडे त्यांनी स्वतःच्या मनाने घातले होते : नातसूनेने आखूड बाह्यांच्या ब्लाउजवर काळी साडी, नातीने पातळ टॉप आणि जीन्स, नातवाने सुती कुडता. मी फोनवर तीस-चाळीस छायाचित्रे काढली आणि परतताना गाडीत त्यांना दाखवली. साडी सुरेख होती, कुडताही चांगला होता, परंतु प्रत्येक छायाचित्रात खांदे कानांकडे चढलेले होते, हात छातीशी घट्ट बांधलेले होते आणि नातसुनेच्या दंडावरचा काटा स्पष्ट दिसत होता. हसू ओठांवर होते, पण जबडा आवळलेला होता. नात म्हणाली, "मी अशी रागावल्यासारखी का दिसतेय?" ती रागावली नव्हती, गारठली होती. माझ्या कामात मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. गारठलेल्या शरीराला चांगले कपडे घातले तरी छायाचित्रात गारठाच उतरतो, म्हणून ऊब हा शोभेला जोडलेला भाग न मानता शोभेचा पाया मानावा लागतो. त्या दिवसानंतर काकांनीही स्वेटरविषयी पुन्हा काही म्हटले नाही.

आता काळ्या रंगाविषयी. संक्रांत थंडीत येते आणि काळा रंग उष्णता शोषतो, म्हणून काळे नेसतात, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि या घरातही काळे नेसले की उबेचे काम झाले असा समज होता. काळे कापड उष्णता शोषते हे खरेच आहे, परंतु ती शोषायला ऊन अंगावर पडावे लागते. झाडांच्या सावलीत, सकाळी आठच्या सुमारास, काळी साडी आणि पांढरी साडी सारखीच गार. तिथे ऊब येते ती धाग्यांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेतून. लोकरीचा धागा कुरळा असल्याने तो अशी हवा भरपूर धरून ठेवतो आणि थोडा ओलसर झाला तरी ऊब सोडत नाही. सुती कापड मात्र घाम किंवा दव पिऊन अंगाला चिकटते आणि उलट गार करते. रेशीम पातळ असूनही अंगालगत बरे वाटते. म्हणून मी योजना अशी आखली की दिसणारे वस्त्र काळे आणि पारंपरिकच राहील, त्याच्या आत अंगाबरोबर बसणारा एक उबदार थर असेल, आणि बाहेर एक असा थर असेल जो केव्हाही उतरवला तरी चित्र बिघडणार नाही. हा बाहेरचा थर शोधण्यात माझा सर्वाधिक वेळ गेला, कारण बहुतेक स्वेटर आणि जाकिटे काढली की खालची वेशभूषा अर्धवट वाटते आणि घातली की वरची साडी नाहीशी होते.

आजींचा प्रश्न सर्वांत नाजूक होता. त्यांच्याकडे त्यांच्या स्वतःच्या पहिल्या संक्रांतीची चंद्रकळा होती, तांबड्या काठाची, सुती, पन्नासहून अधिक वर्षे ट्रंकेत जपलेली आणि धुऊन धुऊन मलमलीसारखी झालेली. तीच नेसायची असा त्यांचा आग्रह होता आणि तो मोडण्याचा कुणालाही अधिकार नव्हता. पण त्या साडीत ऊब नावालाही नव्हती. शिवाय उतारवयात शरीर थंडीला सावकाश आणि कमी प्रतिसाद देते, त्यामुळे "मला काही थंडी वाजत नाही" या त्यांच्या शब्दांवर विसंबणे धोक्याचे होते. मी त्यांना बंद गळ्याचे लोकरी ब्लाउज सुचवले, तेव्हा त्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि परत दिले. "अगं, हे घालून मी माझ्यासारखी दिसेन का?" त्यांचा प्रश्न रास्त होता आणि मी ते ब्लाउज पिशवीत ठेवले. मग त्यांच्या नेहमीच्या मापाचे, कोपरापर्यंत बाह्यांचे काळे ब्लाउज शिवून घेतले, त्याखाली खोल गळ्याचे आणि तेवढ्याच बाह्यांचे काळे लोकरी बनियन दिले, आणि परकराच्या आत घोट्यापर्यंतची लोकरी विजार. आतला थर पांढरा न ठेवता काळाच ठेवला, कारण विरलेल्या चंद्रकळेतून पांढरा रंग डोकावला असता. पायांत अंगठा वेगळा असलेले काळे मोजे आणि रबरी तळाच्या चपला, कारण दवाने भिजलेल्या गवतात कोल्हापुरी चप्पल घातली तर पाय गार पडतो आणि चामडेही खराब होते.

राहिला बाहेरचा थर. घरातल्यांना काळी शाल हवी होती. मी कुंकवाच्या गडद रंगाची, बारीक विणीची लोकरी शाल निवडली, जी चंद्रकळेच्या काठाशी मिळते. काळ्या वस्त्रांतल्या सात जणांत डोळा आधी त्या एकाच रंगाकडे जातो, आणि या छायाचित्राचे मध्यस्थान आजींचे असावे हे तर सर्वांनाच मान्य होते. शाल पदरावरून दोन्ही खांद्यांवर घेतली की साडी झाकते, म्हणून ती डाव्या खांद्यावर घडीने, पदराच्या आतून टाकली आणि पाठीमागून उजव्या दंडाखाली आणली. अशी शाल पाठ आणि कंबर झाकते, आणि समोरून पदराचा काठ पूर्ण दिसतो. बसायला घडीची लाकडी खुर्ची नेली, तिच्यावर घरातलीच गोधडी टाकली आणि गोधडीखाली, पाठीशी येईल अशी, टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवली. ती थेट अंगाला लावू नये हे मी सुनेला आवर्जून सांगितले, कारण या वयात कातडीला चटका उशिरा कळतो. गोधडी आजींनीच जुन्या साड्यांची शिवलेली होती आणि तिच्यातले तांबडे-पिवळे तुकडे छायाचित्रात खुर्चीच्या कडांवरून थोडेसे दिसतात. मला ते फार आवडतात.

नातसुनेची काळी पैठणी रेशमी असल्याने तिला तुलनेने सोपे होते : आत पूर्ण बाह्यांचे पातळ लोकरी बनियन आणि त्यावर मनगटापर्यंत बाह्यांचे काळे मखमली ब्लाउज. तिच्या बाबतीत खरी काळजी हलव्याच्या दागिन्यांची होती. हलवा म्हणजे साखरेच्या पाकाचे काटेदार दाणे, आणि साखर हवेतला ओलावा ओढून घेते. बोरिवलीच्या दमट पहाटेत मुकुट, हार, बाजूबंद आणि बांगड्या तासभर अंगावर राहिल्या असत्या तर दाणे चिकट झाले असते आणि पैठणीवर पांढरे डाग पडले असते. काळ्या रेशमावरचा साखरेचा डाग ओल्या फडक्याने पुसायला गेले की पाण्याची वेगळीच कडा उमटते. म्हणून दागिने घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, खाली आणि वर मऊ कागद घालून नेले, ते सर्वांत शेवटी, ऊन जमिनीपर्यंत आल्यावर चढवायचे ठरवले आणि पडलेला चुरा झटकायला एक मऊ कोरडा ब्रश पिशवीत टाकला. हार गळ्यात बसतो तिथे ब्लाउजच्या आतून रेशमी अस्तर लावून घेतले होते, कारण मान घामेजली की दाणे आधी तिथेच विरघळतात.

पणतवासाठी आईने काळे झबले आधीच शिवून घेतले होते. लहान मुलाला मोठ्यांपेक्षा एक थर जास्त घालावा हा साधा हिशेब मी धरला : आत मऊ सुती झबले, त्यावर लोकरी बंडी आणि विजार, त्यावर हे काळे झबले, पायांत आजीने विणलेले मोजे. कानटोपीऐवजी आम्ही कुंची घातली. टोपडे आणि पाठीवर सोडलेले कापड एकत्र शिवलेली कुंची डोके, कान, मान आणि पाठ एकाच वेळी झाकते, वाऱ्याने सरकत नाही, आणि गरम होऊ लागले की एका हाताने काढता येते; आपल्या जुन्या बायांनी मुलांच्या थंडीचा किती नेमका विचार केला होता हे अशा वेळी कळते. कुंची काळ्या खणाची, आतून मऊ फ्लॅनेलचे अस्तर, कडेला तांबडी पट्टी. बाळाच्या हलव्याच्या दागिन्यांबद्दल मात्र मी नकार दिला. दहा महिन्यांचे मूल हाताला लागेल ते तोंडात घालते आणि हलव्याचा कडक दाणा घशात अडकू शकतो. सुनेला थोडे वाईट वाटले. शेवटी पांढऱ्या लोकरीचे छोटे गोंडे करून कुंचीच्या कडेला घट्ट शिवले, जे दुरून हलव्यासारखेच दिसतात, आणि दागिने बोरन्हाणासाठी घरी राखून ठेवले. बाळाला थंडी वाजते आहे की उकडते आहे हे हातापायांवरून ओळखू नये, ते तसेही गारच असतात. मानेच्या मागे बोटे लावून पाहावे, हे मी आईला दाखवले.

पुरुषांचे फारसे अवघड नव्हते. काकांना काळा खादीचा कुडता आणि राखी रंगाची लोकरी बंडी दिली. नातवाला दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीच्या, घोंगडीसारख्या जाड कापडाचे जाकीट शिवले. ती लोकर राठ असते, अंगाला टोचते, म्हणून आतून सुती अस्तर आणि गळ्याशी मऊ पट्टी आवश्यक होती. सुनेने इरकल साडीवर लांब बाह्यांचे ब्लाउज घेतले. नात मात्र तिच्या जीन्सवर ठाम होती आणि तिच्या वयाच्या मुलीला बळेच नटवले की तो अवघडलेपणाही छायाचित्रात दिसतो, म्हणून मी तिलाच विचारले की तुला यात काय नको वाटते. तिला परकर नको होता, कारण शाळेच्या संमेलनात तो घातलेला होता. खणाच्या कापडाचा घेरदार लांब स्कर्ट, त्याखाली लोकरी लेगिंग आणि वर अंगाबरोबर बसणारा काळा गळाबंद स्वेटर तिने आनंदाने स्वीकारला.

सातही जण काळ्यात म्हणजे कमी उजेडात काळ्याचा एकच डोंगर आणि त्यावर तरंगणारे चेहरे, ही भीती मला पहिल्या दिवसापासून होती. त्यावर उपाय पोताचा. मखमल उजेड गिळते, रेशीम तो परत देते, खणावर बारीक नक्षी उमटते, खादी मंद राहते आणि घोंगडीची लोकर खरखरीत दिसते, त्यामुळे शेजारी उभ्या दोघांच्या अंगावर एकच पोत येणार नाही अशी उभे राहण्याची जागा आम्ही कागदावर आखली. काळ्यालाही छटा असतात हे विसरता येत नाही : जुना सुती काळा तपकिरीकडे झुकतो, आणि काही कृत्रिम धाग्यांचा काळा कॅमेऱ्यात जांभळट उतरतो. म्हणून प्रत्येक कपडा खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात एकमेकांशेजारी ठेवून फोनवर टिपून पाहिला आणि काकांचा पहिला कुडता त्यातच बाद झाला. छायाचित्रकाराशीही आधी बोलून घेतले, कारण चौकटीत काळे फार असले की कॅमेरा स्वतःहून सगळे उजळ करू पाहतो आणि चेहरे पांढुरके पडतात. एक्स्पोजर हाताने खाली ठेवावे लागते.

त्या रविवारी आम्ही सहाला दादरहून निघालो. बाहेरचे थर मी गाडीत कुणालाही घालू दिले नाहीत. बंद गाडीत लोकर चढवून तासभर बसले की घाम येतो आणि तोच घाम खाली उतरल्यावर थंडी वाजवतो. बाळाला तर गाडीतल्या आसनात फुगीर कपड्यांवरून पट्टा बांधणेच योग्य नाही. सूर्योदय सव्वासातच्या सुमारास झाला. उद्यानात शिरलो तेव्हा माझ्या तापमापकावर १६ अंश होते. आजींना फार चालायला लागू नये म्हणून दारापासून फार आत न जाता, मोठ्या झाडांखाली जागा निवडली, सतरंजी अंथरली आणि सगळ्यांना पाच मिनिटे चालायला लावले. मग सर्व थरांसह संपूर्ण कुटुंबाची छायाचित्रे आधी घेतली, कारण आजी आणि बाळ दोघेही सुरुवातीलाच ताजेतवाने असतात. अर्ध्या तासाने बंड्या आणि जाकीट उतरवून जोडीजोडीची छायाचित्रे, आणि नऊनंतर ऊन खाली आल्यावर नातसुनेचे दागिने. तिच्या मांडीवर बाळ द्यायचे नाही, दागिने हाताला लागतील, हे ठरलेले होते; म्हणून त्या दोघांचे एकत्र छायाचित्र दागिन्यांच्या आधीच उरकले होते. बाळ मध्येच रडले, तेव्हा आईने मानेमागे बोटे लावली, कुंची काढली आणि ते शांत झाले. त्याला उकडत होते.

दोन गोष्टी माझ्याकडून चुकल्या. सर्वांसाठी आतले बनियन लोकरीचे आणले, पण काकांच्या मापाचे मिळाले नाही म्हणून त्यांना मी कृत्रिम धाग्याचे, आतून लव असलेले जाड बनियन दिले. ते अंगाने स्थूल आहेत आणि त्यांना घाम लवकर येतो, हे मी विचारायला हवे होते. साडेनऊला तापमापक २४ वर गेला तेव्हा त्यांचा कुडता पाठीला चिकटला होता आणि चेहरा चकाकत होता. शेवटच्या दहा-बारा छायाचित्रांतून त्यांना वगळावे लागले. दुसरी चूक खणाच्या स्कर्टची. त्याची लांबी घरातल्या फरशीवर घेतली होती. दवाने भिजलेल्या गवतात त्याची कडा ओली झाली आणि तिथे काळा रंग अधिक गडद दिसू लागला. बोटभर आखूड शिवला असता तर पुरे होते. छायाचित्रकाराने पुढची चित्रे गुडघ्यापासून वर घेऊन ते सांभाळले.

घरी परतल्यावर मी चंद्रकळा सावलीत पसरून वाळवली आणि पुन्हा मऊ सुती कापडात बांधून दिली. लोकरीचे कपडे उन्हात घालून, कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह ठेवायला सुनेला सांगितले. कुंकवाच्या रंगाची शाल मी माझ्या संग्रहातून नेली होती आणि ती परत न्यायची होती, पण आजी ती अंगावर घेऊनच खिडकीशी बसल्या होत्या आणि नात त्यांना फोनवर सकाळची छायाचित्रे मोठी करून दाखवत होती. शाल मी तिथेच राहू दिली.